वृथा आणि अभिमान : 'व्हॅनिटी' या संज्ञेचा मराठीतील प्रवास

१

'व्हॅनिटी' या इंग्रजी संज्ञेला मराठीत एकच एक पर्याय देता येत नाही, हा भाषांतरकारांचा जुना अनुभव आहे. बायबलमधील उपदेशकाच्या ग्रंथात या संज्ञेच्या जागी मराठीत 'व्यर्थ' हा शब्द येतो. थॅकरेच्या १८४७-४८ मधील कादंबरीचे शीर्षक मराठीत सांगायचे झाल्यास मात्र 'व्यर्थ' पुरेसा पडत नाही. जेन ऑस्टिनच्या पात्रांविषयी लिहिताना 'गर्व' म्हणावे, तर तो शब्द 'प्राइड'साठी आधीच खर्ची पडलेला असतो. या अडचणीचे कारण मराठीच्या शब्दसंपत्तीतील उणिवेत शोधण्याकडे सामान्यतः कल दिसतो. वस्तुतः येथे उणीव नसून विपुलता आहे. अहंकार, गर्व, दर्प, दंभ, अभिमान, ताठा, आढ्यता, प्रौढी, ऐट, डौल, मिजास, दिमाख, शेखी, फुशारकी, घमेंड, रुबाब, माज ही यादी सहज वाढवता येईल. तेव्हा विचारार्ह प्रश्न असा की, इतके शब्द उपलब्ध असताना त्यांपैकी एकही 'व्हॅनिटी'च्या जागी नेमका का बसत नाही, आणि या शब्दांची आपापसांतील वाटणी कोणत्या तत्त्वावर झालेली आहे.

ही वाटणी मनोवृत्तींच्या सूक्ष्म भेदांवर झाली असावी, असा समज कोश चाळताना होतो. तो अंशतः खरा आहे. परंतु शब्दांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, एखाद्या वर्तनाला कोणते नाव मिळावे हे त्या वर्तनापेक्षा पाहणाऱ्याच्या आणि पाहिल्या जाणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर अधिक अवलंबून राहिलेले आहे. प्रस्तुत विवेचनाचा हा मुख्य मुद्दा होय. त्यासाठी प्रथम इंग्रजी संज्ञेचे स्वरूप, मग मराठीतील दोन महत्त्वाच्या शब्दांचे परस्परविरोधी अर्थांतर आणि अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसरातील भाषिक व नाट्यव्यवहार असा क्रम येथे स्वीकारला आहे. कुरखेड्याची निवड सहेतुक आहे. प्रमाण मराठीच्या केंद्रापासून अतिशय दूर असलेल्या, झाडीबोली, गोंडी आणि छत्तीसगढी यांचा शेजार लाभलेल्या या प्रदेशात 'मिरवणे' कोणाचे व 'माजणे' कोणाचे, हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

२

'व्हॅनिटी'च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द 'व्हॅनुस' याचा अर्थ रिकामा, पोकळ. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस हिब्रू ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करताना 'हेवेल' या शब्दासाठी 'व्हॅनितास' ही संज्ञा योजली. 'हेवेल' म्हणजे श्वास किंवा वाफ. दिसते न दिसते तोच विरून जाणारी वस्तू. म्हणजे मुळात ही संज्ञा माणसाच्या स्वभावदोषाची नव्हती. ती ऐहिक वस्तुजाताच्या क्षणभंगुरतेची होती. इंग्रजीत ती याच अर्थाने आली आणि चौदाव्या शतकापर्यंत तिला स्वतःविषयीच्या फाजील कौतुकाचा दुसरा अर्थ चिकटला. दोन्ही अर्थ दीर्घकाळ एकत्र नांदले. सॅम्युएल जॉन्सनच्या १७४९ मधील दीर्घकवितेच्या शीर्षकात मानवी इच्छांच्या निष्फळतेचा जुना अर्थ प्रमुख आहे. बन्यनने १६७८ मध्ये आपल्या यात्रिकाला ज्या जत्रेतून नेले तिच्यात दोन्ही अर्थ एकवटले आहेत, कारण तेथे विकला जाणारा माल पोकळ आहे आणि तो घेणारे लोकही त्या पोकळपणावर खूष आहेत. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने या ग्रंथाला मराठी रूप दिले, ही घटना येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. मराठी गद्याच्या घडणीच्या काळातच ही संकल्पना मराठी वाचकाच्या दारी आली होती.

अठराव्या शतकात संज्ञेचा तोल दुसऱ्या अर्थाकडे झुकला. माणूस श्रीमंतीमागे धावतो तो सुखसोयींसाठी नव्हे, तर लोकांच्या नजरेत भरण्यासाठी, असे प्रतिपादन अ‍ॅडम स्मिथने १७५९ मध्ये केले आणि या प्रवृत्तीला 'व्हॅनिटी' हेच नाव दिले. ऑस्टिनच्या १८१३ मधील कादंबरीत मेरी बेनेट ही पुस्तकी वळणाची मुलगी हाच भेद सूत्ररूपाने मांडते. आपले स्वतःविषयीचे मत म्हणजे 'प्राइड' आणि इतरांनी आपल्याविषयी काय मत बाळगावे याची असोशी म्हणजे 'व्हॅनिटी', असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, या संज्ञेत पोकळपणाची जाणीव आणि आत्मकौतुक यांची जोड अभिप्रेत आहे. दोन, हा दोष एकट्याने होत नाही. त्याला पाहणारा लागतो.

३

मराठीत पहिला अर्थ आणि दुसरा अर्थ यांची बिऱ्हाडे वेगळी राहिली. निष्फळतेचा अर्थ 'व्यर्थ', 'वृथा', 'वायां', 'फोल', 'मिथ्या' या शब्दांनी सांभाळला, आणि संतवाङ्मयात तो संसाराच्या वर्णनात वारंवार येतो. आत्मकौतुकाचा अर्थ 'गर्व', 'अहंकार' आदी शब्दांकडे राहिला. तथापि दोहोंमधील नाते मराठीला अपरिचित होते असे नाही. एखाद्याच्या 'डोक्यात हवा गेली' असे म्हटले जाते. माणूस स्तुतीने 'फुगतो'. डौल 'पोकळ' असतो. हवा आणि पोकळी यांची ही रूपके हिब्रूतील वाफेच्या जवळची आहेत. फरक इतकाच की, मराठीत हे नाते संज्ञेत गोठले नाही, ते वाक्प्रचारांत राहिले.

याला एक अपवाद आहे. 'वृथाभिमान' या समासात दोन्ही बिऱ्हाडे एका छपराखाली येतात. त्याचा जुळा शब्द 'मिथ्याभिमान'. हा दुसरा शब्द गुजरातीत कवी दलपतराम यांच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रहसनवजा नाटकाचे शीर्षक झाला. त्यातील नायकाला रातांधळेपणा आहे आणि तो लपवण्याच्या खटाटोपात त्याची फजिती होते. स्वतःला दिसत नाही हे इतरांना दिसू नये, ही त्याची धडपड. 'व्हॅनिटी'तील पाहण्याचा घटक या कथानकात अगदी शब्दशः अवतरला आहे. मराठीत 'वृथाभिमान' हा शब्द रूढ झाला खरा, परंतु त्याचा उत्तरार्ध असलेल्या 'अभिमान' या शब्दाचे एकोणिसाव्या शतकात जे झाले, त्यामुळे हा समास मूळ दोषाचे नाव न राहता अपवादाचे नाव झाला. ते कसे, हे पाहण्यापूर्वी उलट दिशेने गेलेल्या एका शब्दाचा विचार करणे सोयीचे ठरेल.

४

तो शब्द 'आढ्यता'. संस्कृतात 'आढ्य' म्हणजे धनवान. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी प्रवृत्तीचा माणूस स्वतःविषयी जे बोलतो, त्यात आपण आढ्य व कुलीन असल्याची घोषणा आहे. तेथे दोष 'आढ्य' या शब्दात नाही, तो त्या घोषणेत आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्वाचे विवरण करताना ज्ञानदेवांनी दृष्टान्तांची जी मालिका रचली आहे, तिच्यात अरण्यात सापडलेला श्रीमंत माणूस आपली आढ्यता लपवतो असा एक दृष्टान्त येतो. म्हणजे १२९० च्या सुमारास 'आढ्यता' हा संपत्तीचा निर्विकार वाचक शब्द होता, आणि विशेष म्हणजे तो दंभाच्या अभावाचे उदाहरण देताना वापरला गेला होता. आज 'आढ्यता' म्हटले की संपत्ती कोणालाही आठवत नाही. आठवते ती वृत्ती. 'खोर' हा फारसी प्रत्यय लागून झालेले 'आढ्यताखोर' हे विशेषण तर निखळ निंदेचे आहे. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत हा अर्थापकर्ष होय.

अर्थापकर्षाची ही प्रक्रिया निर्हेतुक नसते. धनवानाच्या वर्तनातून इतरांच्या अनुभवास जे आले, ते धनाच्या नावावर जमा झाले. 'प्रौढी' या शब्दाचेही असेच झाले. मुळात परिपक्वता सांगणारा हा शब्द 'प्रौढी मिरवणे' या प्रयोगात बढाईचा वाचक झाला. खालून वर पाहणाऱ्यांनी वरच्यांच्या गुणवाचक शब्दांवर केलेली ही टीका आहे. मौखिक व्यवहारात असा हिशेब चुकता करण्याचे सामर्थ्य दुर्बलांपाशीही असते.

५

'अभिमान' या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. गीतेतील आसुरी संपदेच्या यादीत तो दंभ आणि दर्प यांच्या शेजारी बसतो, आणि वारकरी संतांच्या वाणीत तो टाकून द्यावयाच्या गोष्टींत मोडतो. आधुनिक मराठीत मात्र मुलाचा, गावाचा, भाषेचा, देशाचा 'अभिमान' बाळगणे हे कर्तव्य मानले जाते आणि तो नसणे ही उणीव. या अर्थोत्कर्षाचे श्रेय वा अपश्रेय सामान्यतः वासाहतिक काळाला दिले जाते. इंग्रजी विद्येने आत्मविश्वास खचलेल्या समाजाला उभारी देण्यासाठी 'देशाभिमान', 'भाषाभिमान', 'स्वाभिमान' हे समास पुढे आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'ने त्यांना धार दिली. आणि एक दुर्गुण सद्गुण झाला, अशी ही मांडणी असते.

ही मांडणी अपुरी आहे. 'अभिमान' या शब्दात दुसरा अर्थ फार पूर्वीपासून होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत अहंकाराची व्याख्या 'अभिमान' अशीच केलेली आहे, आणि तेथे त्याचा रोख फुशारकीवर नसून 'हे माझे' या ममत्वाच्या जाणिवेवर आहे. ही जाणीव मुक्तीच्या आड येते म्हणून ती त्याज्य. भक्तिसंप्रदायाने तिला अनपेक्षित वळण दिले. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत देवाला 'भक्ताभिमानी', 'दासाभिमानी' ही विशेषणे लागतात. देव भक्ताचा अभिमानी आहे याचा अर्थ देव गर्विष्ठ आहे असा नव्हे. तो भक्ताला आपला म्हणतो, त्याची बाजू घेतो, त्याला टाकत नाही. 'अभिमान धरणे' याचा हा कैवार घेण्याचा अर्थ मराठीत मुरलेला होता. माणसाने स्वतःविषयी बाळगला तर दोष, आणि समर्थाने दुर्बलाविषयी बाळगला तर कृपा, अशी त्याची दुहेरी प्रकृती होती.

तेव्हा 'देशाभिमान' हा केवळ इंग्रजी शब्दाचा तर्जुमा नव्हता. देवाने भक्ताचा कैवार घ्यावा तसा देशवासीयाने देशाचा घ्यावा, असा त्यातील अन्वय मराठी वाचकाला विनासायास कळण्याजोगा होता. परंतु या स्थलांतरात एक गोष्ट सुटली. 'दासाभिमानी' या शब्दात अभिमानाची दिशा वरून खाली, समर्थाकडून अनाथाकडे होती. 'देशाभिमाना'त ती स्वतःकडून स्वतःच्याच विस्तारित रूपाकडे वळली. मग कैवाराचा अर्थ मागे पडून श्रेष्ठत्वाचा अर्थ पुढे सरकण्यास वेळ लागला नाही. सुधारकी लेखनाला यासाठीच 'दुरभिमान', 'वृथाभिमान' असे शब्द हाताशी ठेवावे लागले. पूर्वी नुसता 'अभिमान' म्हणताच दोष सूचित होत असे. आता दोष सांगण्यासाठी उपपद जोडणे भाग पडले. 'व्हॅनिटी'चा सर्वांत जवळचा मराठी शब्द अशा प्रकारे एका मोठ्या सद्गुणाचा किरकोळ अपभ्रंश म्हणून उरला.

६

अभिमानाने सोडलेली निंदेची जागा कोणी घेतली, हे पाहता शब्दांची सामाजिक वाटणी उघड होते. मराठीत दिमाख, मिजास, शेखी, मगरूरी हे शब्द फारसी-अरबीतून आले. 'दिमाख' म्हणजे मुळात मेंदू, 'मिजास' म्हणजे प्रकृती किंवा तबियत, 'शेखी' म्हणजे शेखाचा आव. आणि 'मगरूर' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तर भ्रमात पडलेला, फसलेला असा आहे. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने राज्यकारभारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरी दरबारी वागणुकीचे हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. सत्ताधाऱ्याच्या चालण्याबोलण्याचे निरीक्षण त्यांत साठलेले आहे. त्यांत निंदा आहे. पण ती धास्तावलेली, क्वचित कौतुकाकडे झुकणारी निंदा आहे. 'लग्न दिमाखात झाले' हे वाक्य आज स्तुतिपर आहे.

याच्या उलट 'माज' आणि 'मस्ती' हे शब्द. 'माज' हा जनावराच्या वेताशी संबंधित, 'मस्ती' ही मदमत्त हत्तीची. हे दोन्ही शब्द वरच्या स्थानावरील माणसालाही लावता येतात, हे खरे. परंतु ज्याने आपली पायरी सोडली असे मानले जाते, त्याच्यासाठी ते विशेष तत्परतेने वापरले जातात. मालकाच्या नव्या कपड्यांना ऐट म्हणतात, गड्याच्या नव्या कपड्यांना माज. वस्त्र तेच, पाहणारा बदलला.

ही केवळ शब्दांची गोष्ट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील 'जातिनिर्मूलन' या विषयावरील आपल्या भाषणात इंदूर संस्थानातील बलाई समाजावर १९२८ मध्ये लादलेल्या निर्बंधांची नोंद दिली आहे. जरीकाठी पागोटे वापरू नये, रंगीत वा नक्षीदार काठाची धोतरे नेसू नयेत, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे त्यांतील काही निर्बंध होते. एका समाजाच्या नटण्याला दुसऱ्या समाजाने गुन्हा ठरवल्याचे हे लेखी उदाहरण आहे. त्याच सुमारास, १९२७ च्या डिसेंबरात, महाड येथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना आंबेडकरांनी जातीची खूण ठरलेली वेशभूषा आणि जडजवाहिराची जुनी रीत सोडून इतर स्त्रियांप्रमाणे नेटके वस्त्र नेसण्याचा सल्ला दिला होता. 'स्वाभिमान' हा शब्द या चळवळीने ज्या अर्थाने वापरला तो अर्थ चिपळूणकरी अभिमानाचा विस्तार नव्हे. चिपळूणकरांच्या शब्दामागे गमावलेल्या वैभवाची स्मृती आहे. महाडच्या शब्दामागे माज म्हणून हिणवल्या गेलेल्या वर्तनाचे पुनर्नामकरण आहे. तेच पागोटे, तेच नेसणे. मात्र त्याचे नाव ठरवण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडून काढून घेऊन नेसणाऱ्याकडे आणला गेला.

७

कुरखेडा हा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील, छत्तीसगढच्या सीमेजवळचा तालुका. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी, १९५६ पर्यंत हा सर्व प्रदेश मध्य प्रदेशात होता, आणि मालगुजारी व जमीनदारीची व्यवस्था १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने संपेपर्यंत येथील गावगाडा तिच्या चौकटीत चालत असे. येथील मराठी म्हणजे झाडीबोली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील या बोलीला स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून उभे करण्यात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचा वाटा मोठा आहे. बोलीतील लेखन आणि साहित्य संमेलने यांना त्यांच्या प्रयत्नांनी बळ मिळाले.

या बोलीत 'ण' ऐवजी 'न' उच्चारला जातो. एवढ्या एका व्यंजनावरून मराठी समाजात माणसाची पारख होत आली आहे. एकोणिसाव्या शतकात पाठ्यपुस्तके आणि व्याकरणे यांच्याद्वारे पुण्याकडील शिष्ट भाषा प्रमाण ठरली, तेव्हापासून 'पानी' म्हणणे हा अडाणीपणा झाला. कुरखेड्याच्या मुलापुढे यामुळे एक विलक्षण पेच उभा राहतो. शहरात त्याने 'पानी' म्हटले तर तो गावंढळ ठरतो. शिकून गावी परतल्यावर त्याने 'पाणी' म्हटले तर तो शिष्टपणा करतो, ऐट करतो, असे घरचेच म्हणतात. पहिला निवाडा वरून येतो, दुसरा बरोबरीच्यांकडून. दोन्ही निवाड्यांत तो काय बोलला यापेक्षा कोणी कोठे बोलले याचाच विचार आहे. ज्या मुलाच्या घरची भाषा गोंडी आहे, त्याच्या बाबतीत हा पेच दुपटीने गुंतागुंतीचा होतो, कारण त्याला बोलीतील मराठी हीच वरची भाषा असते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. या प्रसंगी सर्वाधिक उच्चारला गेलेला शब्द 'अभिमान' हाच असावा, यात नवल नाही. परंतु वर दाखवल्याप्रमाणे या शब्दाला दोन दिशा आहेत. भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान ही एक; आणि तिच्या दुर्बल अंगांचा कैवार घेणारा, रामदासांच्या विशेषणातील अभिमान ही दुसरी. झाडीबोलीच्या वाट्याला पहिल्या प्रकारचा अभिमान उदंड येतो, कारण ती प्राचीन रूपे जतन करणारी बोली म्हणून गौरवली जाते. दुसऱ्या प्रकारचा अभिमान शाळेच्या वर्गात व परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दिसावयास हवा. तेथे तो क्वचितच दिसतो.

८

या प्रदेशाने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर रंगभूमीवर आहे. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या भूमीत वाढलेली झाडीपट्टीची नाट्यपरंपरा धानाची कापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर जागी होते. गावोगावच्या मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात, आणि देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाट्यमंडळांचे केंद्र आहे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोली येथील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामगिरीबद्दल. त्यांचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले असल्याचे त्या वेळी नमूद केले गेले; विनोदी भूमिकांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

विनोदी पात्राचे महत्त्व येथे 'व्हॅनिटी'च्या संदर्भात तपासता येते. झाडीपट्टीच्या कौटुंबिक-सामाजिक नाटकात धनवानाचा दिमाख, सुशिक्षिताची ऐट, नवश्रीमंताची शेखी यांना भरपूर वाव असतो. हे सगळे डौल विनोदी पात्राच्या बोलीसमोर आले की त्यांतील हवा निघते. आढ्यतेच्या अर्थापकर्षात जे काम शतकानुशतके नकळत झाले, ते येथे दोन तासांत डोळ्यांसमोर होते. प्रमाण भाषेकडे खालून पाहणारी बोली या क्षणी पाहणारी होते आणि प्रमाण भाषा पाहिली जाते. याच कारणाने बोली केवळ हशापुरती आणली जाते तेव्हा धोकाही संभवतो. बोलणाऱ्याच्या बुद्धीला हसायचे की त्याच्या उच्चाराला, यावर सगळे अवलंबून असते. पहिल्या हशात अभिमान आहे, दुसऱ्यात शहरी निवाड्याची पुनरावृत्ती.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठीत इंग्रजीतील हा शब्द जसाच्या तसा आला तो प्रसाधनाच्या पेटीतून. 'व्हॅनिटी बॅग', 'व्हॅनिटी केस' आणि १९९० च्या दशकापासून चित्रपटसृष्टीत रूढ झालेली 'व्हॅनिटी व्हॅन' या प्रयोगांत निंदेचा लवलेश उरलेला नाही. जो शब्द उपदेशकाच्या ग्रंथात सर्व वस्तूंच्या पोकळपणाचे नाव होता, तो एका वस्तूचेच नाव झाला. आणि ती वस्तू प्रतिष्ठेची खूण ठरली. व्हॅनिटी व्हॅनचे प्रयोजन नटाला पाहणाऱ्यांपासून दूर ठेवणे हे असते. ज्या दोषाला पाहणारा लागतो त्याच्या नावाची गाडी पाहणाऱ्याला बाहेर ठेवते. मंडईच्या रंगमंचावरील नट आणि त्याचे प्रेक्षक यांच्यात असे अंतर नसते. प्रेक्षकांतील पुष्कळांना रंग लावण्यापूर्वीचा तो नट ठाऊक असतो. सोंग हे सोंग म्हणूनच आणले व पाहिले जाते. आणि उघडपणे आणलेले सोंग दंभ होत नाही, कारण दंभाला त्याचे सोंगपण लपवावे लागते.

९

समीक्षेच्या दृष्टीने या सर्वांतून काय हाती लागते, याचा विचार अखेरीस केला पाहिजे. मराठी समीक्षेच्या स्वतःच्या परिभाषेतही या शब्दांची भावकी आहे. 'अभिनिवेश' ही संज्ञा त्यांपैकी एक. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक असून तिचा अर्थ जीविताची चिवट आसक्ती असा आहे. मराठी समीक्षेत तिला आग्रही, आक्रमक आत्मप्रतिपादनाचा अर्थ आला, आणि दलित व ग्रामीण साहित्याच्या मूल्यमापनात तिचा वापर सैलपणे होत राहिला. कलावंताच्या अलिप्ततेला गुण मानणाऱ्या दृष्टीला ज्या लेखनात 'मी' मोठ्याने बोलतो ते लेखन अभिनिवेशी वाटते. परंतु जगण्याची आसक्ती हा मूळ अर्थ ध्यानी घेतला, तर ज्यांचे जगणेच नाकारले गेले त्यांच्या लेखनात ती असणे स्वाभाविक ठरते. येथेही वर्तन एक आणि नावे दोन. प्रस्थापित कवीने स्वतःविषयी लिहिले तर आत्मनिष्ठा, परिघावरील कवीने लिहिले तर अभिनिवेश.

इंग्रजीत लेखकाने स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्याला 'व्हॅनिटी प्रेस' हे हिणकस नाव आहे. मराठीत तीच गोष्ट 'पदरमोड' या आदरयुक्त शब्दाने सांगितली जाते, आणि १९५५ च्या 'शब्द'पासून सुरू झालेली लघुअनियतकालिकांची चळवळ अशा पदरमोडीवरच उभी राहिली. एका भाषेने जेथे पोकळ हौस पाहिली तेथे दुसरीने त्याग पाहिला. झाडीबोलीतील कवीने स्वखर्चाने काढलेल्या संग्रहाला यांपैकी कोणते नाव लावायचे, हे त्या संग्रहाच्या वाचनानंतर ठरावयास हवे, प्रकाशनस्थळाचा पत्ता पाहून नव्हे.

सारांश, मराठीत 'व्हॅनिटी'ला एक शब्द नाही याचे कारण मराठी समाजाने या दोषाकडे एका ठिकाणाहून कधी पाहिलेच नाही. वरच्यांनी खालच्यांकडे पाहिले तेव्हा 'माज' दिसला, खालच्यांनी वर पाहिले तेव्हा 'आढ्यता'. आणि स्वतःकडे पाहताना प्रत्येकाला 'अभिमान' दिसला. भाषांतरकाराने वा समीक्षकाने यांतील एखादा शब्द उचलताना तो कोणत्या जागेवरून पाहत आहे, याचा निर्णय त्या शब्दासोबतच होत असतो. हा निर्णय जाणीवपूर्वक व्हावा, इतकीच अपेक्षा या शब्देतिहासातून धरता येते.